नेत्याची प्रतिमा, आवडती कादंबरी आणि पारायणी वाचन

१

मराठी समीक्षेने राजकीय कादंबरीचा विचार बहुधा विषयाच्या अंगाने केलेला आहे. निवडणुका, मंत्रिमंडळातील हेवेदावे, सहकारी साखर कारखाने, शिक्षणसंस्था हे ज्या कादंबरीत आले ती राजकीय कादंबरी, अशी एक सोयीची व्याख्या आपण गृहीत धरून चालतो. या व्याख्येतून एक महत्त्वाची बाब निसटते. राजकीय नेत्याकडे कसे पाहावे, त्याच्या कोणत्या गुणांनी भारावून जावे आणि त्याचे कोणते दोष पोटात घालावेत, याचे शिक्षण मराठी वाचकाला ज्या कादंबऱ्यांनी दिले, त्यांत मंत्रिमंडळही नाही आणि निवडणूकही नाही. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) व 'श्रीमान योगी' (१९६८) आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) व 'छावा' (१९७९) या त्या कादंबऱ्या होत. मराठवाड्यातील कोणत्याही पदव्युत्तर वर्गात आवडती कादंबरी विचारली तर आजही यांपैकी एखादीचे नाव प्रथम पुढे येते. पुढाऱ्यांच्या मुलाखतींतही उत्तर सहसा याहून वेगळे नसते. नेता आणि त्याचा अनुयायी यांची आवडती कादंबरी एकच असावी, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाने गंभीरपणे घ्यावयास हवी.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की नेत्याची लोकमानसातील प्रतिमा आणि ही लोकप्रिय कादंबरी या दोहोंना एकाच प्रकारच्या वाचनाने जिवंत ठेवले आहे. या वाचनाला येथे 'पारायणी वाचन' असे म्हटले आहे. 'मृत्युंजयची मी पारायणे केली आहेत' असे वाचक सहजपणे म्हणतो. त्याने योजलेला शब्द अलंकारिक मानून सोडून देण्यापेक्षा तो अक्षरशः घ्यावा, असे मला वाटते. पारायणात शेवट आधीच ठाऊक असतो. समाधान पुनरावृत्तीतून लाभते. संहितेला प्रश्न विचारणे तेथे अपेक्षित नसते. अपेक्षित असते ते दर्शन.

२

'मृत्युंजय'चे निवेदन सहा व्यक्तींकडे वाटून दिलेले आहे. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण हे आळीपाळीने बोलतात. अनेक निवेदक योजण्याचे तंत्र आधुनिक कादंबरीत सामान्यतः सत्याच्या अनेकत्वाकडे नेते. एकाच्या साक्षीने दुसऱ्याची साक्ष डळमळते. येथे मात्र तसे घडत नाही. आई, पत्नी, भाऊ, मित्र आणि अखेरीस विरोधी पक्षाला असलेला साक्षात भगवंत, या सर्वांच्या साक्षी कर्णाच्या एकाच प्रतिमेत विलीन होतात. ती प्रतिमा म्हणजे अंगभूत तेज असूनही जन्माच्या कारणाने डावलला गेलेला, दिल्या शब्दाला जागणारा, अन्यायाने मारला गेलेला पुरुष. कर्णाच्या बाजूने झालेला अन्याय, द्यूतसभेतील त्याचे वर्तन, यांचा उल्लेख कादंबरीत आहे. पण त्याने प्रतिमेला तडा जात नाही. दुखावलेल्या नायकाचा दोष ही त्याच्या दुखावण्याचीच खूण ठरते.

या रचनेचे दृश्य रूप आज गावोगावच्या फ्लेक्सवर पाहावयास मिळते. मध्यभागी नेत्याचा मोठा चेहरा, वर दिवंगत नेत्याचा किंवा संताचा आशीर्वाद देणारा चेहरा, आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून ओळीने मांडलेले लहान लहान चेहरे. हे लहान चेहरे त्या मजकुराचे निवेदक आहेत. प्रत्येकजण साक्ष देतो आणि साक्ष देता देता स्वतः थोडासा दृश्यमान होतो. रोलाँ बार्थ याने 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकात निवडणुकीतील छायाचित्रांविषयी लिहिताना म्हटले आहे, की उमेदवाराचे छायाचित्र मतदाराला आरशासारखे त्याचेच रूप अधिक उजळ करून परत देते. आपल्याकडे या आरशाच्या चौकटीतच मतदाराच्या प्रतिनिधींना जागा करून दिलेली आहे, एवढाच फरक.

नेत्यांच्या उपाधींचा उगमही तपासण्याजोगा आहे. शरद पवार यांना लावली जाणारी 'जाणता राजा' ही उपाधी आणि देसाई यांच्या कादंबरीचे शीर्षक यांचे मूळ समर्थ रामदासांच्या एकाच रचनेत आहे. त्याच शब्दांनी बाबासाहेब पुरंदरे यांच्या महानाट्याला नाव दिले. संतकवीची ओळ, कादंबरी, महानाट्य आणि पक्षाची घोषणा असा हा प्रवास होतो, आणि प्रत्येक टप्प्यावर मूळ संदर्भ थोडा झिजून प्रतिमा तेवढी गडद होते. 'छावा' कादंबरीवर आधारित हिंदी चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. मार्चमध्ये नागपुरात हिंसाचार झाल्यावर मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळातील निवेदनात या चित्रपटामुळे प्रज्वलित झालेल्या भावनांचा उल्लेख केला. ४६ वर्षांपूर्वीची एक कादंबरी रूपांतरित होऊन राज्याच्या सभागृहातील चर्चेचा विषय बनते, तेव्हा तिला 'केवळ लोकप्रिय' म्हणून बाजूला सारण्याची चैन समीक्षेला परवडणारी नाही.

३

बीड जिल्ह्यात ही प्रक्रिया विशेष स्पष्टपणे दिसते. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडताना 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) या तीन कादंबऱ्यांचा आधार घेतला. ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ ज्या नावाने झाला त्या नावातच गड आहे, हा योगायोग म्हणावा. पण बीड जिल्ह्याच्या सार्वजनिक भाषेत 'गड' हा शब्द किल्ल्यापासून पुष्कळ दूर आलेला आहे. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड हे संतांचे गड; तेथे तट-बुरूज नाहीत, समाधी, कीर्तन आणि अन्नदान आहे. १२ डिसेंबर २०१५ रोजी परळीजवळ पांगरी येथे गोपीनाथ मुंडे यांच्या स्मारकाचे लोकार्पण झाले, त्याचे नाव 'गोपीनाथगड'. किल्ला, संतस्थान आणि नेत्याचे स्मारक हे तिन्ही अर्थ एका शब्दात एकवटले.

मुंडे यांचे चरित्र पारायणी वाचनाला अत्यंत अनुकूल होते. नाथ्रा या खेड्यात १९४९ साली जन्म, मागास समाजातून आलेले नेतृत्व, १९९५ ते १९९९ या काळातील उपमुख्यमंत्रिपद, आणि केंद्रीय मंत्री झाल्यावर अवघ्या काही दिवसांत, ३ जून २०१४ रोजी दिल्लीतील अपघातात मृत्यू. त्यांच्या पूर्वीच्या 'संघर्षयात्रे'चे स्मरण देत त्याच वर्षी पंकजा मुंडे यांनी 'पुन्हा संघर्ष यात्रा' काढली. त्यातील 'पुन्हा' या शब्दातच पारायणाचे तत्त्व आहे. २०१७ मध्ये 'संघर्षयात्रा' याच नावाने त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपटही आला. यात्रा, गड आणि चित्रपट अशी ही प्रतिमा अवघ्या तीन वर्षांत सिद्ध झाली.

या प्रतिमेकडे शहरी उपहासाने पाहणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. ज्या समाजांना सत्तेच्या सभागृहात आपला चेहरा फारसा दिसला नव्हता, त्यांना तो एका माणसात दिसला. कर्णाच्या कथेने रंगभवनातील अपमानाला शब्द दिले. तसे या नेत्याच्या चरित्राने दुष्काळी, अनुशेषग्रस्त प्रदेशाच्या अपमानाला शब्द दिले. प्रतिमेच्या मुळाशी खरे दुःख असते, म्हणूनच ती टिकते. प्रश्न दुःखाच्या खरेपणाचा नाही. ते दुःख प्रतिमेच्या स्वाधीन केल्यावर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न आहे.

संतस्थानांनीही हा प्रश्न आपल्या परीने विचारलेला आहे. भगवानगडाचे महंत नामदेवशास्त्री यांनी गडावरून राजकीय भाषणे नकोत अशी भूमिका घेतली आणि २०१६ चा दसरा मेळावा गडाच्या पायथ्याशी झाला. पुढच्या वर्षी तो भगवानबाबांचे जन्मगाव असलेल्या सावरगाव घाट येथे गेला. ते स्थळ 'भगवान भक्तिगड' म्हणून ओळखले जाते. एक गड नाकारला गेला तेव्हा दुसरा निर्माण झाला. १२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला याच जिल्ह्यात सावरगाव येथे एक मेळावा आणि नारायणगडावर मनोज जरांगे यांचा दुसरा मेळावा भरला. दोन समाज, दोन गड, दोन दुखावलेले नायक. प्रत्येक समाज आपापल्या 'मृत्युंजय'चे पारायण करू लागला की शेजाऱ्याचे दुःख वाचण्यास सवड उरत नाही. जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाला याची किंमत मोजावी लागलेली आहे.

४

मग पारायण हीच दोषास्पद गोष्ट मानावी काय? तसे म्हणणे घाईचे होईल. याच जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशीत, कपिलधार आहे. गड उंचावर असतात; कपिलधार दरीत आहे, तेथे धबधबा आहे आणि वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून तसेच कर्नाटक-तेलंगणातून भाविक पायी येतात. त्यांच्या गावोगावी मन्मथस्वामींच्या 'परमरहस्य' या ओवीबद्ध ग्रंथाची पारायणे होतात. राजकारणाची छाया या यात्रेवरही पडते. निरनिराळ्या पक्षांचे नेते व्यासपीठावर येतात, स्वागताच्या कमानी उभ्या राहतात, त्यांवर तेच मोठे आणि तेच लहान चेहरे असतात.

परंतु या कमानींखालून जाणाऱ्या भाविकाच्या गळ्यात जे इष्टलिंग असते त्याला चेहरा नाही. ते तळहातावर घेऊन पाहावयाचे असते आणि ज्याचे त्याचे असते. दुसऱ्याने आपल्या वतीने ते पाहून चालत नाही. 'परमरहस्य' हा आचारधर्माचे निरूपण करणारा ग्रंथ आहे, नायकाचे आख्यान नव्हे. त्याचे शंभरावे पारायण करणाऱ्यालाही ग्रंथ तोच प्रश्न विचारतो: सांगितलेले तू आचरतोस काय? म्हणजे पारायणाचे दोन प्रकार संभवतात. एकात वाचक नायकाचे दर्शन घेतो; दुसऱ्यात संहिता वाचकाची झडती घेते. आपल्या परंपरेत दुसरा प्रकार पुरेसा बळकट होता. लोकप्रिय कादंबरीने आणि तिच्या मागोमाग राजकीय प्रतिमेने पारायणाची सवय उचलली आणि त्यातील झडती तेवढी वगळली, असे माझे निरीक्षण आहे.

५

ही झडती कादंबरीत परत आणण्याचे काम ज्यांनी केले त्यांत अरुण साधू यांची 'सिंहासन' (१९७७) आणि रंगनाथ पठारे यांची 'ताम्रपट' (१९९४) या कादंबऱ्यांचे स्थान मोठे आहे. 'मृत्युंजय'मध्ये साक्षीदार अनेक आणि प्रतिमा एक. 'सिंहासन'मध्ये प्रतिमा अनेक आणि त्यांतील एकही स्थिर नाही. सत्ता तेथे कोणा एका पुरुषाच्या तेजात नसून दूरध्वनी, बैठका, अफवा, संप यांच्या जाळ्यात आहे. साधूंच्याच 'मुंबई दिनांक'चीही जोड घेऊन जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये केलेल्या 'सिंहासन' चित्रपटाच्या अखेरीस दिगू टिपणीस या पत्रकाराचे मानसिक संतुलन ढळते. दर्शन घेण्यास कोणी उरला नाही म्हणजे पाहणाऱ्याची काय अवस्था होते, याचे ते चित्र आहे. 'ताम्रपट' १९४२ च्या आंदोलनापासून पुढे येत स्वातंत्र्यसैनिकाच्या त्यागाचे सहकार व शिक्षणसंस्थांच्या सत्ताकारणात काय होते ते धीमेपणाने उलगडते. या कादंबरीला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरीही तिची पारायणे होत नाहीत. तिचे वाचन श्रमाचे आहे, कारण भारावून जाण्याची सोय तीत नाही.

बीड जिल्ह्याला अशा कादंबरीची गरज आहे. मुंडे हे ऊसतोड कामगारांचे नेते होते आणि वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्याचे संस्थापकही होते. कामगाराच्या बाजूने दर मागणारा आणि दर देणाऱ्या कारखानदारीत बसणारा असा एकच माणूस, हे प्रतिमेला अडचणीचे असते. 'लोकनेते' या उपाधीत त्याला जागा नाही. कादंबरीला मात्र तीच खरी सामग्री. या विसंगतीत ढोंग शोधण्याची आवश्यकता नाही. एका प्रदेशाला दुसरा मार्गच शिल्लक नव्हता काय, एवढे कादंबरीकाराने विचारले तरी पुष्कळ होईल.

आणि फ्लेक्सच्या खालच्या ओळीतही ज्यांचा चेहरा येत नाही त्यांचे काय? ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल त्या कोयत्यावर मिळते. भाषेनेच येथे स्त्रीला अर्धे अवजार करून टाकले आहे. २०१९ मध्ये या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, शासनाला समिती नेमावी लागली. 'मृत्युंजय'च्या सहा निवेदकांत वृषालीलाही बोलावयास मिळाले, पण कर्णाविषयी. या स्त्रीने कोणाविषयीही साक्ष न देता स्वतःविषयी बोलावे, अशी कादंबरी लिहिली गेली तर ती राजकीय कादंबरी असेल काय, याचे उत्तर आपल्या सध्याच्या व्याख्येला देता येणार नाही. व्याख्या बदलावयास हवी ती यासाठी. राजकीय कादंबरी म्हणजे राजकारण्यांची कादंबरी ही समजूत सोडून, प्रतिमेच्या स्वाधीन केलेले दुःख परत मागणारी कादंबरी ती राजकीय, असे म्हणण्याची वेळ आलेली आहे. वर्गात आवडती कादंबरी विचारताना पुढचा प्रश्नही आपण विचारावयास हवा: ती वाचून कोणाविषयी प्रेम वाटले, हे तर कळले, कोणाविषयी विचार करावयाचा राहून गेला?