लघुनिबंध : इंग्रजी जीवनरीतीचा संस्कार

मराठीत १९२६ च्या सुमारास रूढ होऊ लागलेल्या आत्मनिष्ठ, अनौपचारिक गद्यप्रकारास लघुनिबंध ही संज्ञा आहे. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाचे निमित्त करून लेखकाने वाचकाशी केलेले मनमोकळे हितगुज, हे त्याचे सामान्य लक्षण होय. हा प्रकार इंग्रजीवरून आला, हे त्याच्या प्रवर्तकांनी कधी लपविले नाही. तथापि इंग्रजीतून लेखनतंत्र तेवढे आले, की त्या तंत्राला आधार देणारी इंग्रजांची दैनंदिन जीवनरीतही – रविवार, दुपारचा चहा, छत्री, शेगडीपुढची आरामखुर्ची, संध्याकाळचा फेरफटका, सुटी – बरोबर आली, हा प्रश्न वेगळा आहे. आणि मराठी लघुनिबंधाच्या सामर्थ्याचा व मर्यादांचा उलगडा बव्हंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

निबंध हा प्रकार फ्रेंच लेखक माँतेन याने १५८० मध्ये रूढ केला. इंग्रजीत बेकनच्या निबंधांनी (१५९७) त्याला सूत्रबद्ध, उपदेशपर वळण मिळाले. टॅटलर (१७०९) आणि स्पेक्टेटर (१७११) ह्या नियतकालिकांतून स्टील व ॲडिसन यांनी तो लंडनच्या कॉफीगृहांतील वाचकांपर्यंत नेला. परंतु मराठी लघुनिबंधकारांना जो निबंध प्रिय झाला, त्याचा खरा आदिपुरुष चार्ल्स लँब. ईलियाचे निबंध (१८२३) ह्या त्याच्या संग्रहातील गप्पिष्ट, हळवा, स्वतःच्या फजितीवर हसणारा सूर पुढील शंभर वर्षे इंग्रजी निबंधाचा आदर्श ठरला. लँबविषयी एक गोष्ट मात्र आपल्याकडे पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. हा फुरसतीचा कवी मुळी फुरसतीचा माणूस नव्हता. लंडनमधील लेडनहॉल रस्त्यावरील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत तो १७९२ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी कारकून म्हणून लागला आणि तेहतीस वर्षे हिशेबांच्या वह्या भरून १८२५ मध्ये निवृत्त झाला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा ती बुडविणाऱ्या कंपनीच्या लंडनमधील खातेवह्यांवर हाच लेखक मान मोडून बसलेला होता. निवृत्तीनंतर त्याने लिहिलेला निबंध ह्या संदर्भात मुद्दाम वाचण्याजोगा आहे. त्यात वर्णिलेल्या कारकुनाच्या वाट्याला रविवार, नाताळ व ईस्टर यांचा एकेक दिवस आणि उन्हाळ्यातील एक आठवडा एवढीच सुटी येते; रविवारी दुकाने बंद आणि रस्ते मुके असल्याने तोही दिवस उदास जातो; आणि सारे आयुष्य मोकळे झाल्यावर त्या काळाचे काय करावे हे न उमजून तो जुन्या सोबत्यांना भेटायला पुन्हा कचेरीत जातो. लँबच्या फुरसतीला जी किंमत आहे ती अशी मेजावर मोजलेली आहे.

इंग्रजांच्या सणावारांचीही कथा याहून निराळी नाही. डिकिन्झच्या नाताळविषयक प्रसिद्ध कथेत (१८४३) कारकुनाला नाताळची एका दिवसाची पगारी सुटी देताना मालक कुरकुरतो, हा प्रसंग केवळ विनोदासाठी नाही. १८७१ मध्ये जॉन लबक यांच्या प्रयत्नाने ब्रिटिश संसदेने बँकांच्या सुट्यांचा कायदा संमत केला आणि इंग्लंडात ईस्टरनंतरचा सोमवार, व्हिटसनचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार व २६ डिसेंबर हे दिवस कायद्याने मोकळे झाले. सामान्य लंडनकराची समुद्रकिनाऱ्यावरची सहल ही अशी यंत्रयुगाने हिरावलेली व कायद्याने अंशतः परत दिलेली वस्तू होती. ए. जी. गार्डिनर, रॉबर्ट लिंड, ई. व्ही. ल्यूकस यांचे निबंध ह्याच वाचकासाठी वृत्तपत्रांतून लिहिले गेले. आगगाडीच्या डब्यात, कचेरीला जातायेता, ते वाचून संपत. त्यांची आटोपशीर लांबी हा कलेचा संकेत खरा, पण तो वृत्तपत्रातील स्तंभाने घालून दिलेला संकेत होता.

मराठीत निबंध ह्याआधीच समर्थ झाला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेवर (१८७४) इंग्रजी गद्याचा प्रभाव असला, तरी तिचा हेतू स्वभाषा व स्वदेश यांच्या कैवाराचा होता. आगरकर आणि शि. म. परांजपे यांच्याही निबंधाला तातडीचे काम होते. फुरसतीचा सूर प्रथम लागला तो श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या सुदाम्याचे पोहे ह्या विनोदी लेखनात. कोल्हटकरांनीही इंग्रजी विनोदाचे ऋण घेतले. पण त्यांनी विषय घेतले ते श्रावणी, गणेशचतुर्थी, शिमगा असे घरचे. बंडूनाना, पांडुतात्या आणि सुदामा ही त्रयी आपल्याच सणांच्या पंगतीत बसून आपल्याच रूढींची रेवडी उडविते. हा धागा पुढील लघुनिबंधकारांनी सोडून दिला, ही खेदाची गोष्ट म्हणावी लागते.

ना. सी. फडके यांनी रत्नाकर मासिकातून लिहिलेल्या ‘गुजगोष्टीं’नी लघुनिबंधाला स्वतंत्र रूप दिले. त्याच सुमारास वि. स. खांडेकर वैनतेय साप्ताहिकातून ह्याच धर्तीचे लेखन करू लागले. आद्यत्वाचा मान कोणाचा, ह्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. ती अन्यत्र खर्ची पडती तर बरे झाले असते. फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दीर्घकाळ प्राध्यापक होते आणि खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापुरास आले. त्यामुळे ह्या वाङ्‌मयप्रकाराचे दोन्ही प्रमुख शिल्पकार एका संस्थानी राजधानीत वावरले. अनंत काणेकरांच्या पिकली पाने (१९३४) ने त्यास मुंबईकर चुरचुरीतपणा दिला. फडक्यांची भाषा प्रसन्न, वाक्यरचना डौलदार आणि विषयाला हात घालण्याची हातोटी विलोभनीय आहे. परंतु त्यांच्या एका संग्रहाचे धूम्रवलये (१९४१) हे नावच पुष्कळ सांगून जाते. सिगारेटच्या धुराची वर्तुळे पाहत बसलेला, रसिक, काहीसा आत्मसंतुष्ट गृहस्थ हा ह्या निबंधाचा नायक. त्याच्यामागे कचेरीचे मेज नाही. असले तर ते दिसत नाही. लँबची फुरसत कामातून सुटलेली होती, फडक्यांच्या निबंधातील फुरसत जन्मजात वाटते. खुसखुशीत प्रारंभ, मध्ये विषयांतर, शेवटी चमकदार तात्पर्य हे तंत्र एकदा बसल्यावर त्याच्या प्रती निघू लागल्या आणि अनुकरण करणाऱ्यांच्या हाती तर केवळ साचा राहिला. खांडेकरांच्या वायुलहरी (१९३६) व नंतरच्या संग्रहांत सामाजिक कळवळा अधिक आहे. मात्र कल्पनांची व दृष्टांतांची गर्दी झाल्याने प्रत्यक्ष अनुभव तिच्यामागे दडतो.

हे निबंध ज्या कोल्हापूरपासून लिहिले गेले, त्याच्याच मुलखातील एखादे गाव शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे अंतर स्पष्ट होते. कागल तालुक्यातील मुरगूड हे वेदगंगेच्या खोऱ्यातील बाजारपेठेचे गाव. येथे इंग्रजी संस्कृती पोहोचली नव्हती असे नाही. गावाचा तलाव कागलच्या घाटगे घराण्यातील सर पिराजीरावांच्या नावाने ओळखला जातो. आणि त्या नावाआधीचा ‘सर’ हा ब्रिटिश बादशहाने दिलेला किताब शेतकऱ्याच्या तोंडी इतका रुळला आहे, की तो तलावाच्या नावाचाच भाग झाला. पण किताब, तलाव, शाळा, पोस्ट ह्या वाटेने आलेला इंग्रज वेगळा आणि शेगडीपुढे पाय पसरून बसणारा इंग्रज वेगळा. पहिला मुरगुडात आला, दुसरा फक्त क्रमिक पुस्तकातून आला. ह्या भागातील कृषिजीवनाची विश्रांती रविवारी येत नसे. बेंदराला बैलांच्या मानेवर जू ठेवायचे नाही, अमावास्येला औत धरायचे नाही, अशी ती होती. आणि तिच्यात माणसाआधी जनावराचा विचार होता. रविवार हा मुंबईच्या गिरणी कामगारांनाही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये मिळाला. इंग्रजी निबंधातला पाऊस छत्रीची आठवण करून देतो, वेदगंगाकाठचा पाऊस मृगाच्या पेरणीची. गार्डिनर यांचे टोपणनाव ‘नांगरातला पहिला तारा’ अशा अर्थाचे होते. इंग्लंडात सप्तर्षींना नांगर म्हणतात. शाळेत तो धडा वाचणाऱ्या कुणब्याच्या पोराला ह्या लेखकाने नांगर धरला असावा असे वाटले, तर त्याचा दोष त्या पोराकडे जात नाही.

याचा अर्थ परकीय प्रकार मराठीत रुजूच शकत नाही असा करणे चुकीचे होईल. सुनीत रुजले, कादंबरी रुजली. लघुनिबंधही रुजला, पण त्याने इंग्रजी दिनक्रम टाकला तेव्हा. इरावती कर्वे यांच्या परिपूर्ति (१९४९) मधील पंढरीच्या वारीवरील लेखात चालणे हा फेरफटका नाही. दिंडीतल्या बायकांच्या सहवासात, विदुषी असण्याचे अंतर कधी मिटते आणि कधी मिटत नाही, ह्याची ती प्रामाणिक नोंद आहे. दुर्गा भागवतांच्या ऋतुचक्रात (१९५६) तर दिनदर्शिकाच बदलली. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत झाडे, पाखरे, ढग यांच्याबरोबर मन बदलत जाते आणि तात्पर्याची गरजच उरत नाही. ह्या लेखनासाठी पुढे ‘ललित निबंध’ ही संज्ञा अधिक प्रचारात आली. पु. ल. देशपांडे यांनी अपूर्वाईत (१९६०) प्रत्यक्ष इंग्लंडच पाहिले आणि इंग्रजांच्या रांगा, शिष्टाचार व अबोलपणा यांचे आपुलकीने वर्णन केले. विशेष असे, की पाहुणा म्हणून पाहिलेला इंग्रज तेथे जितका खरा वाटतो, तितका तीस वर्षांपूर्वीच्या लघुनिबंधात घरचा म्हणून वावरणारा इंग्रज वाटत नाही.

लघुनिबंधाच्या इतिहासाचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी केला, त्यांतील आनंद यादव (१९३५–२०१६) हे मुरगूडच्याच तालुक्याच्या गावचे, कागलचे, शेतकरी कुटुंबातील. मराठी लघुनिबंधाचा इतिहास लिहिणाऱ्या ह्या लेखकाने स्पर्शकमळे, पाणभवरे अशा संग्रहांतून स्वतःही ललित लेखन केले. तरी त्यांचे अधिक मोलाचे उत्तर झोंबी (१९८७, साहित्य अकादमी पुरस्कार १९९०) ह्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत सापडते. बापाने शाळेतून काढून रानात घातलेला मुलगा पुन्हा शाळेत जाण्यासाठी झगडतो. सकाळी पिकाला पाणी पाजून शाळा, शाळेनंतर गुरे, अशी अट त्याला पत्करावी लागते. एरवी पाणी पाजताना त्याला एकटेपण खायला उठे. मराठीच्या शिक्षकांनी कवितेची गोडी लावल्यावर तेच एकटेपण त्याला हवेसे होते, कारण आता मोठ्याने म्हणता येते, नाचता येते. कागद नसेल तेथे तो काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो. लेडनहॉल रस्त्यावरच्या कारकुनाला ही फुरसत ओळखीची वाटली असती.