‘कोर्टानं जंगल बंद केलं’ : लाकूडधंद्याच्या आठवणी वाचताना

खानापूर, लोंढा, हल्याळ, दांडेली या पट्ट्यातल्या जुन्या लाकूडतोड्यांच्या आणि वखारवाल्यांच्या आठवणी आपल्या मंडळाने टिपून घेतल्या. त्या मी सलग वाचून काढल्या. काम मोलाचं झालंय, हे आधीच सांगतो. उत्तर कानडा १८६२ साली मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६पर्यंत बेळगावसोबत तिथंच राहिला. त्या जंगलाचा आणि आपल्या गावांचा व्यवहार कागदावर आहे, पण तो खात्याच्या बाजूनं लिहिलेला. कुऱ्हाड धरणाऱ्याची बाजू इथं पहिल्यांदा सलग वाचायला मिळते.

कामाचं वर्णन जिथं येतं तिथं संकलन उत्तम आहे. खात्याचा हातोडा उमटल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, झाडाचा कल बघून आधी कुठल्या अंगाला खाच घ्यायची, ओंडका गाडीवर कसा चढवायचा, हे सगळं मराठी, कानडी आणि कोकणी मिसळलेल्या बोलीत येतं. संपादकांनी ती बोली ‘शुद्ध’ केली नाही, हे बरं केलं.

माझी अडचण पुढे आहे. धंदा का बसला, या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर एकच : कोर्टानं जंगल बंद केलं. १२ डिसेंबर १९९६चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन प्रकरणातला आदेश मोठा होता, यात शंका नाही. मंजूर कार्ययोजनेबाहेरची तोड त्यानं थांबवली. पण त्याआधी १९८०चा वनसंवर्धन कायदा होता, १९८८चं वनधोरण होतं, आणि दांडेलीचं अभयारण्य तर १९५६चं. म्हणजे दार एका दिवसात लागलं नाही. संपादकांनी या तारखा शेजारी मांडल्या असत्या, तर वाचकाला ते दिसलं असतं.

दुसरं, आठवणींतच याहून जुना पुरावा आहे. पूर्वी रस्त्याच्या कडेला मिळणारा घेराचा साग पुढे आत आत जाऊन शोधावा लागला, असं सांगणारे एकापेक्षा जास्त आहेत. कोर्टाचा संबंध येण्याआधीची ही गोष्ट. तरी तिच्यावर एकही उलटप्रश्न विचारलेला नाही.

बांबूचं उदाहरण घ्या. दांडेलीची कागद गिरणी १९५५ची. बांबू कमी का झाला, तर गावकऱ्यांनी आणि त्यांच्या गुरांनी खाल्ला, असं तेव्हा सांगितलं जाई. माधव गाडगीळांच्या अभ्यासातून वेगळंच निघालं. गावकरी बेटाच्या बुडाचं काटेरी आवरण राखून तोडायचे. गिरणीसाठी तोडताना ते साफ व्हायचं, मग कोवळे कोंब जनावरांच्या तोंडी लागायचे. दोष मात्र गवळी-धनगरांच्या गुरांवर गेला. आपल्या संकलनात हाच जुना दोष एकानं सहज सांगितला आहे आणि तो तसाच छापला गेला. इतिहास मंडळाकडून हे अपेक्षित नाही.

गिऱ्हाईक बदललं, याचा तर उल्लेखच तुटपुंजा. रेल्वेच्या लाकडी स्लीपरांची जागा काँक्रीटनं घेतली. कौलारू घरांवर स्लॅब आले, वासे-तुळयांची मागणी गेली. हे वखारवाल्यांना सगळ्यांच्या आधी कळलं असणार, त्यांनाच विचारायला हवं होतं.

शेवटचं, बोलणारे कोण आहेत? ठेकेदार, वखारमालक, थोडे मुकादम. कुणबी, सिद्दी मजूर जवळजवळ नाहीत. डोक्यावरून सरपण आणणाऱ्या बाया तर नाहीतच. धंदा बसला तेव्हा मालकानं दुसरा धंदा काढला. मजुराचं काय झालं, हे या पानांत कुठंच नाही.

ही टीका संकलन थांबवण्यासाठी नाही, उलट. पुढच्या फेरीत ‘ते दिवस कसे होते’ असं मोघम विचारू नये. झाडाचा घेर किती, रस्त्यापासून तोड किती लांब, मजुरी कोण द्यायचं, बुडीत कोणाची राहिली, हे विचारावं. मग ती उत्तरं खात्याच्या जुन्या कार्ययोजनांशी ताडून बघावीत. सांगणारे ऐंशीच्या घरात आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.