मित्राची गोष्ट, बापूच्या तोंडून

१९८१ साली विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं. दिग्दर्शन विनय आपट्यांचं, मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. एक मुलगी दुसऱ्या मुलीवर जीव टाकते, आणि ते लपवतही नाही. त्या काळात हे लिहायला, करायला आणि तिकीट काढून बघायलाही धाडस लागलं असणार. तेंडुलकरांनी मित्राला गुळगुळीत केलेलं नाही. ती हट्टी आहे, बापूला वापरून घेते आणि कुणाची दया तिला चालत नाही. म्हणूनच ती खरी वाटते. पण नाटक पुन्हा वाचायला घेतलं की दर वेळी मी एकाच जागी अडतो. गोष्ट मित्राची आणि सांगतो बापू. तिच्यावर जीव असलेला, तरी ती पुरती न उमगलेला मुलगा. शेवटी मित्रा जीव देते, आणि बोलायला बापू मागे उरतो.

त्यानंतरच्या मराठी कलाकृती एकामागून एक पाहत गेलो, तर हा बापू जागोजागी भेटतो. वेश तेवढा बदललेला असतो. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'मध्ये (१९८२) महिलाश्रमातल्या दोघी एकमेकींच्या जवळ येतात. त्या आपल्याला दिसतात त्या सुलभा महाजनपुढचा एक पेच म्हणून. त्यांना स्वतःला काय वाटतं, हे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. अमोल पालेकरांच्या 'थांग'मध्ये (२००६) नवऱ्याचं दुसऱ्या पुरुषाशी नातं असल्याचं कळल्यावर कोसळणारी बायको मध्यभागी आहे. मृणाल कुलकर्णींनी ती वेदना फार नेमकी दाखवली. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये मुलगा समलिंगी आहे हे कळलेली आई बोलते. या साऱ्यांत चांगुलपणा आहे, अभ्यास आहे, आणि आईचं ते स्वगत ऐकून कित्येक घरांतली कोंडी फुटली असेल यात मला शंका नाही. तरीही रडणारा माणूस दर वेळी दुसराच असतो. ज्याच्यामुळे घरात वादळ आलं तो पोरगा दाराआड उभा, आणि प्रेक्षकाला चहा देत सगळं समजावून सांगायला आई, बायको नाही तर मित्र.

ही कला वाईट होती असं मला म्हणायचं नाही. त्या काळातल्या प्रेक्षकाला आत यायला ओळखीचं दार हवं होतं, ते या लेखकांनी करून दिलं. पण पंचवीस वर्षं त्याच दारातून आत-बाहेर करत राहणं वेगळं.

साडी नेसलेल्या पुरुषाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि तो खास आपला आहे. बालगंधर्वांच्या लुगड्याची, दागिन्यांची नक्कल घराघरांतल्या बायकांनी केली असा आपला नाट्येतिहास अभिमानाने सांगतो. त्याच समाजात शाळेतल्या एखाद्या मुलाची चाल जरा मऊ असली की मागून 'बायल्या' अशी हाक येते. रंगमंचावरची साडी चालते, कारण प्रयोग संपला की ती उतरणार याची खात्री असते. रवी जाधव यांच्या 'नटरंग'मधला (२०१०) गुणा हा कुस्तीच्या शरीराचा गडी. कलेपायी तो नाच्या होतो आणि त्याची अमानुष विटंबना होते. अतुल कुलकर्णींनी ही भूमिका देहाने आणि मनाने झिजून केली. पण आपली सारी सहानुभूती 'तो तसा नाही' या एका आधारावर उभी आहे. मग जो खरोखर 'तसा' आहे, त्याची विटंबना झाली तर प्रेक्षागृहात किती डोळे ओले होतील?

राजीव पाटील यांच्या 'जोगवा'तला (२००९) तायप्पाही देवीच्या नावाने बळजबरीने साडीत अडकवलेला आहे. उपेंद्र लिमये यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण तायप्पाची सुटका होते ती पुरुष म्हणून सुलीवर प्रेम करण्यातून. ज्या जोगत्याला ती साडी ओझं वाटत नाही, आपलंसं वस्त्र वाटतं, त्याला या चित्रपटात जागा नाही. रूढीच्या जबरदस्तीविरुद्ध बोलताना दिग्दर्शकाला ती करून देता आली असती, असं मला ठामपणे वाटतं.

'ताली'बद्दल (२०२३) थोडक्यात. पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांचं आयुष्य रवी जाधव यांनी वेबमालिकेतून घरोघरी नेलं, ही मोठी गोष्ट आहे. मुख्य भूमिका सुश्मिता सेन यांनी मनापासून केली. तरी पारलिंगी अभिनेत्रीला पारलिंगी स्त्रीची भूमिका मिळत नसेल तर तिने कामासाठी कुणाचं दार ठोठावायचं, हा प्रश्न उरतोच.

कागदावर 'मी' लवकर आला. बिंदुमाधव खिरे यांचं 'पार्टनर', सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी!', दिशा पिंकी शेख यांची कविता. यांतलं 'कोबाल्ट ब्लू' मला फार जवळचं. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट म्हणून राहायला आलेल्या तरुणाच्या प्रेमात भाऊही पडतो आणि बहीणही. त्यातला भाऊ, तनय, बोलतो तो थेट त्या निघून गेलेल्या माणसाशी. कुणाला समजावून सांगण्याची, माफी मागण्याची त्याला गरज वाटत नाही. विरह, खोलीतल्या वस्तू, रंग, वास, एवढ्यातच तो असतो. मराठी गद्यात असा निःशंक स्वर मी त्याआधी वाचला नव्हता.

वर्तमानपत्रांची भाषा मात्र रेंगाळली. गुन्हेवृत्तात 'अनैसर्गिक कृत्य' हा शब्द वर्षानुवर्षं येत राहिला, कारण कलम ३७७च्या कायद्याच्या भाषेतून तो तसाच उचलला होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीने होणारे प्रौढांचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. कायदा हलला तरी बातमीदाराच्या हाताची सवय हलायला वेळ लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये समलिंगी आणि पारलिंगी समूहांसाठी आदराच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आपल्याकडच्या संपादकांना त्यासाठी कोर्टाची वाट पाहायचं कारण नाही. याच भाषेत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, सरळ उत्तरं देत होते. त्यावरून १९३४ साली खटला झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले, पण असल्या विषयावर मोकळेपणाने लिहिण्याचा हक्क आंबेडकरांनी न्यायालयात मांडून ठेवला. एवढा वारसा पाठीशी असताना आपली भाषा अपुरी पडते असं कुणी म्हणू नये.

टीव्हीसमोर सर्वांत जास्त माणसं बसतात आणि सर्वांत जास्त इजाही तिथेच होते. विनोदी प्रहसनात मनगट सोडून, मुरकत चालणारा पुरुष आला की पार्श्वसंगीत आपसूक बदलतं. संवाद नसला तरी चालतो, कारण त्याचं असणं हाच विनोद मानला जातो. जेवणाच्या ताटावर बसून एखादा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा हे घरच्यांबरोबर पाहतो, घरचे हसतात म्हणून तोही हसतो. त्या हसण्यात त्याचं काय जातं, ते मी जवळून पाहिलं आहे. मालिका लिहिणाऱ्यांकडे मी उपकार मागत नाही. पटकथेच्या बैठकीत अशा एका माणसाला लेखक म्हणून मानधन देऊन बसवा, आणि त्या पात्राला नोकरी द्या, भाड्याचं घर द्या, भांडण द्या, सणाच्या दिवशी गावाला जायची घाई द्या.

हे जमतं, याचा पुरावा रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने दिला. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागातलं कथापटांचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक या चित्रपटाला मिळालं. त्या महोत्सवात पोचलेला हा पहिला मराठी चित्रपट. मुंबईतला आनंद वडिलांच्या दहाव्यापर्यंत गावी राहतो. बालपणीचा मित्र बाळ्या तिथेच आहे, लग्नाचा तगादा दोघांच्याही मागे. आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे, आणि ती नातेवाइकांपुढे त्याला सांभाळून घेते. 'कळणं' हा या चित्रपटाचा प्रसंगच नाही, ते आधीच होऊन गेलंय. त्यामुळे दिग्दर्शकाला वेळ मिळतो तो सुतकाच्या नियमांसाठी, रानातल्या सावलीसाठी आणि दोन पुरुषांच्या शेजारी शेजारी बसण्यासाठी. कॅमेरा घाई करत नाही. मन कुठल्या बाजूला झुकवायचं हे सांगायला पार्श्वसंगीत येत नाही.

मी तो थिएटरात पाहिला तेव्हा शेजारी साठीपलीकडचं एक जोडपं होतं. सुतकाचा विषय निघाला तशा त्या बाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या, "आता दहा दिवस पोराला हलता यायचं नाही." पुढे आनंद आणि बाळ्या एकमेकांच्या कुशीत आले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, उठल्याही नाहीत. दिवे लागल्यावर पिशवी आवरत त्यांनी मला विचारलं, "ही बोंडं आता मिळतात का हो कुठं? आमच्या बांधावर पुष्कळ होती."