खानदेशातील घरगुती म्हणी : संकलनपद्धतीचा विचार

म्हण म्हणजे लोकानुभवाचे सार, हे आपण मानतो. परंतु ती कोणी, कोणास व कोणाच्या देखत उच्चारली याची नोंद आपले संग्रह क्वचितच करतात. मॅनवेअरिंग यांनी १८९९ साली मराठी म्हणी विषयवार लावून इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केल्या. दाते व कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४२ ते १९४७ या काळात निघाला. या कार्यांची थोरवी वादातीत होय. तथापि खानदेशापुरती ही पद्धती अपुरी पडते.

पहिली अडचण बोलीची. धुळे, अमळनेर, चाळीसगाव या बाजूस अहिराणी, तर जळगाव, यावल, रावेरकडे लेवा गणबोली बोलली जाते. दोहोंतही ‘ळ’चा ‘य’ होतो. म्हणून दुरून त्या एकच भासतात. परंतु ‘आंधळे दळते’ हे लेवा वळणाने ‘आंधयं दयते’, तर अहिराणी वळणाने ‘आंधयं दयस’ असे होईल. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणात १९०७ साली खानदेशीस मराठीच्या खंडात न घेता भिल्ली भाषांसमवेत ठेवले गेले. हा भेद न पाहता बहिणाबाई चौधरी यांच्या लेवा बोलीतील रचनेस आजही अनेकदा ‘अहिराणी’ म्हटले जाते. सरसकट ‘खानदेशी’ हे लेबल म्हणींनाही असेच फसवे ठरते.

दुसरी अडचण नात्याची. ‘लेकी बोले, सुने लागे’ या म्हणीचा अर्थ कोश देतो. पण सासू ती वृत्ती आचरते, आणि सून तीच म्हण शेजारणीजवळ उच्चारते, तेव्हा एका बाजूस अधिकार असतो व दुसऱ्या बाजूस प्रतिकार. शिवाय अहिराणीत लेकीस ‘आंडेर’ म्हणतात. तो शब्द येथे नुसता बसविल्यास म्हणीचा तोल ढळतो. प्रमाण म्हणीचे बोलीकरण हे संकलन नव्हे. त्या घरात प्रत्यक्ष काय म्हणतात तेच टिपले पाहिजे.

बहिणाबाई निरक्षर होत्या. १९५१ साली त्या निवर्तल्या. त्यांची गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली होती, म्हणूनच १९५२ साली ती ग्रंथरूपाने आली. इतर असंख्य स्त्रियांच्या उक्तींना असा लेखनिक लाभला नाही. यापुढील प्रत्येक नोंदीत बोली, गाव, बोलणारीचे ऐकणारीशी नाते व प्रसंग ही चार अंगे असावीत. हे काम त्या घरांतून विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्यांनीच हाती घ्यावे. कारण टोमणा कोठे संपतो व माया कोठे सुरू होते, हे त्यांच्याच कानास कळते.