हेरेम
हेरेम : जुन्या करारातील युद्धसंकल्पना. शत्रूचे नगर, माणसे व लूट परमेश्वराला वाहून त्यांचा समूळ नाश करणे, असा तिचा अर्थ. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोचा असा संहार वर्णिला आहे. ही प्रथा केवळ इस्राएलांची नव्हे : १८६८ मध्ये आढळलेल्या मवाबी राजा मेशाच्या शिलालेखातही (इ. स. पू. नववे शतक) याच शब्दाचे क्रियारूप येते, तेथे बळी मात्र इस्राएली आहेत. कॅथलीन केन्यन यांच्या उत्खननात (१९५२–५८) यहोशवाकालीन तटबंदी मिळाली नाही. ही वर्णने इतिवृत्त नसून उत्तरकालीन धर्मबोध होत, असे अनेक अभ्यासक मानतात. तथापि एवढ्याने नैतिक प्रश्न मिटत नाही; संहाराची आज्ञा ग्रंथात देवाच्याच मुखी आहे. तीमागे निव्वळ वंशद्वेष पाहणेही अपुरे : यरीहोची कनानी राहाब वाचते, तर लूट लपविणारा इस्राएली आखान दगडांनी मारला जातो.