हिशेब मागणारे मासिक : ‘रॅम्पार्ट्स’ची तेरा वर्षे

रद्दीच्या दुकानातून घेतलेले ‘क्वेस्ट’चे काही जुने अंक माझ्या कपाटात बरीच वर्षे आहेत. मुंबईहून निघणारे हे इंग्रजी नियतकालिक. निसीम इझिकेल त्याचे पहिले संपादक. वैचारिक निबंध कसा लिहावा, हे मी कोणत्याही वर्गात बसून शिकलो नाही. ज्या थोड्या ठिकाणी शिकलो त्यांत हे अंक येतात. ज्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या संस्थेच्या पाठबळावर ‘क्वेस्ट’ उभे राहिले, तिच्यामागे अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर यंत्रणेचा पैसा होता, हे मला फार उशिरा कळले. कळल्यावर अंक फेकून द्यावेसे वाटले नाहीत. पण पूर्वीच्या मोकळ्या मनाने वाचताही येईनात. या अडचणीतून वाट शोधताना मी ‘रॅम्पार्ट्स’पर्यंत पोहोचलो. सीआयएच्या छुप्या देणग्यांचे जाळे १९६७ साली ज्याने चव्हाट्यावर आणले, ते हे अमेरिकन डावे मासिक. त्याचा इतिहास वाचताना मात्र माझा मूळ प्रश्न सुटण्याऐवजी वाढला.

‘रॅम्पार्ट्स’ म्हणजे तटबंदी. १९६२ साली कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एडवर्ड कीटिंग यांनी ते सुरू केले, तेव्हा ते उदारमतवादी कॅथलिकांचे वाङ्मयीन त्रैमासिक होते. पैसा कीटिंग कुटुंबाचा, मुख्यतः त्यांच्या पत्नीच्या वारशाचा. पुढे वॉरन हिंकल संपादक झाला आणि रॉबर्ट शीअरसारखे पत्रकार आले. त्रैमासिकाचे मासिक झाले, मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोला हलला आणि धर्मचर्चेची जागा व्हिएतनाम युद्धाने घेतली. डाव्यांची नियतकालिके तोवर साध्या कागदावर, बारीक टायपात, आपल्याच माणसांसाठी निघत. हिंकल आणि कलासंपादक डुगल्ड स्टर्मर यांनी गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ आणि पानभर छायाचित्रे आणली. खप अडीच लाखांच्या आसपास गेला.

या झगमगाटावर तेव्हाही टीका झाली. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे. एप्रिल १९६६च्या अंकाच्या मुखपृष्ठावर दक्षिण व्हिएतनामच्या मॅडम न्हू मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या चिअरलीडरच्या वेशात आहेत. चित्र भडक आहे. पण आतला लेख भडक नाही. १९५५ ते १९६२ या काळात या विद्यापीठाने न्गो दिन्ह दिएम यांच्या राजवटीसाठी पोलीस प्रशिक्षणाचे काम केले आणि त्या प्रकल्पाच्या आडोशाने सीआयएची माणसे वावरली, हे त्यात दाखवले आहे. प्रस्तावना लिहिली ती प्रकल्पाचेच समन्वयक राहिलेल्या स्टॅन्ले शाइनबाम यांनी. त्याआधी, फेब्रुवारी १९६६मध्ये, डोनाल्ड डंकन या अमेरिकन विशेष दलातील सार्जंटने आपण सैन्य का सोडले हे लिहिले होते. ‘रॅम्पार्ट्स’ची खरी पद्धत इथे दिसते : बाहेरून आरोप करण्यापेक्षा आत राहून आलेल्या माणसाला बोलते करायचे. जानेवारी १९६७च्या अंकात भाजलेल्या, जखमी व्हिएतनामी मुलांची छायाचित्रे आली. ती पाहून मार्टिन ल्यूथर किंग अस्वस्थ झाले. ४ एप्रिल १९६७ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी युद्धाविरुद्ध जे भाषण केले, त्यामागे या छायाचित्रांचा वाटा होता.

पण मासिकाचे सर्वात मोठे काम मार्च १९६७च्या अंकातले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेसाठी निधी जमवणारा मायकेल वुड हा तरुण. संघटनेला बराचसा पैसा सीआयएकडून येतो, हे तिच्या अध्यक्षाने त्याला विश्वासात घेऊन सांगितले होते. तो ‘रॅम्पार्ट्स’कडे आला. एका माणसाच्या शब्दावर छापण्यासारखी ही गोष्ट नव्हती. मग शोध सुरू झाला तो हिशेबाच्या कागदांतून. काँग्रेस सदस्य राइट पॅटमन यांच्या चौकशीत १९६४ साली सीआयएचा पैसा फिरवणाऱ्या काही प्रतिष्ठानांची नावे उघड झाली होती. प्रतिष्ठानांना करखात्याकडे भरावी लागणारी विवरणपत्रे कोणालाही पाहता येत. कोणत्या नावाखाली पैसा आला, कोणाकडे गेला, याची साखळी त्यांतून जुळली. लेख सोल स्टर्नने लिहिला. एखाद्या गिरणीच्या मेहत्याने केले असते, असे हे काम; रात्रीच्या भेटीगाठी त्यात फारशा नाहीत. संशोधन करणाऱ्याने मुद्दाम वाचावा, असा तो लेख आहे.

सीआयएला सुगावा लागला होता. विद्यार्थी नेत्यांनी आधीच पत्रकार परिषद घेऊन कबुली द्यावी आणि बातमी शिळी करावी, असा बेत शिजला. हिंकलने १४ फेब्रुवारीला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ व ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये पानभर जाहिरात देऊन आपल्याच लेखाची बातमी फोडली. परिणाम मोठे झाले. अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या समितीने मार्चअखेर शिफारस केली, की शैक्षणिक व स्वयंसेवी संस्थांना सरकारी यंत्रणांनी छुपी मदत देऊ नये. मे महिन्यात ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’लाही आपल्या पैशाचे मूळ मान्य करावे लागले. कवी स्टीफन स्पेंडर लंडनच्या ‘एन्काउंटर’मधून बाहेर पडले. इकडे लोकसभेत परदेशी पैशाचा प्रश्न गाजला. गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. चौकशी झाली, अहवाल मात्र लोकांपुढे आला नाही.

आता दुसरी बाजू. सीआयएनेही ‘रॅम्पार्ट्स’चा हिशेब तपासला होता. करखात्याच्या मदतीने मासिकाची आणि कीटिंग यांची विवरणपत्रे पाहिली गेली. कम्युनिस्ट देशांचा पैसा सापडेल ही आशा होती. तो सापडला नाही. ‘रॅम्पार्ट्स’ विकले गेलेले नव्हते, ते फक्त उधळे होते. विमानाचा पहिला वर्ग, महागडी हॉटेले, १९६८च्या शिकागो अधिवेशनासाठी नेलेला लवाजमा. कीटिंग यांना १९६७मध्येच बाजूला सारले गेले होते. १९६९च्या सुरुवातीला मासिकाने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि हिंकल बाहेर पडला.

उधळेपणा मला क्षम्य वाटतो. दुसरी उणीव वाटत नाही. पुराव्याबाबत मिशिगन प्रकरणात असलेला काटेकोरपणा केनेडी यांच्या हत्येविषयीच्या लेखांत दिसत नाही. आणि ब्लॅक पँथर पक्षाबाबत तर मासिकाने शोधपत्रकारिता जवळजवळ बाजूलाच ठेवली. पँथर नेता एल्ड्रिज क्लीव्हर त्याच्या संपादकवर्गात होता. या पक्षाविरुद्ध एफबीआयने चालवलेली कारस्थाने खरी होती, त्यामुळे पाठराखण समजू शकते. पण छळ होणाऱ्यालाही प्रश्न विचारता येतात. १९७४च्या डिसेंबरात ‘रॅम्पार्ट्स’ची एक माजी हिशेबनीस नाहीशी झाली; पुढच्या महिन्यात तिचा मृतदेह खाडीत सापडला. मासिकाचे माजी संपादक डेव्हिड हॉरोविट्झ यांच्या शिफारशीवरून ती पँथरांचे हिशेब पाहू लागली होती. खून कोणी केला हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. हॉरोविट्झ मात्र डाव्या विचारापासून दूर गेले आणि पुढे कट्टर उजवे झाले. १९७५ साली मासिक बंद पडले. पुढच्याच वर्षी त्याच्या काही माजी सहकाऱ्यांनी ‘मदर जोन्स’ काढले.

हॉरोविट्झ यांनी या घटनेवरून सारी डावी चळवळच खोटी ठरवली. मला तो निष्कर्ष पटत नाही. विद्यार्थी संघटनेच्या पैशाची साखळी जितकी खरी होती, तितकीच ती आजही खरी आहे. पण सरकारचे कागद वर्षानुवर्षे मागे जाऊन तपासणाऱ्यांनी मित्रांच्या वह्या उघडल्या नाहीत. दिव्याखालचा अंधार तो हाच. शोध घेणाऱ्या नियतकालिकाची कसोटी शत्रूच्या दारात लागत नाही. तिथे धैर्य पुरते. ती लागते मित्राच्या दारात.

याच कसोटीवर मी ‘क्वेस्ट’कडे परत येतो. त्याच्या वर्तुळातले अ. भि. शहा हमीद दलवाईंच्या पाठीशी उभे राहिले. आणीबाणीत ‘क्वेस्ट’ बंद पडल्यावर त्यांनीच ‘न्यू क्वेस्ट’ चालवले, पुढे दिलीप चित्रे त्याचे संपादक झाले. या कामाचे मोल सीआयएच्या पैशाने शून्य होत नाही. आणि ‘क्वेस्ट’ माझे मित्र आहे म्हणून तो पैसा अदृश्यही होत नाही. लेखकाने आपले मत प्रामाणिकपणे मांडले असेल. पण कोणते मत छापले जावे यासाठी दूर कोणी तरी गुपचूप पैसे मोजत होते, हे वाचकापासून लपवले गेले. दोष पैसा घेण्यापेक्षा या लपवण्यात आहे.

आपले दिवाळी अंक जाहिरातींवर चालतात. त्यावर नाके मुरडली जातात; पण जाहिरात निदान पानावर छापलेली असते, वाचक ती पाहून काय तो अर्थ लावू शकतो. माझ्या कपाटातले ‘क्वेस्ट’चे अंक आहेत तिथेच राहतील. प्रत्येकाच्या आतल्या पानावर मी पेन्सिलीने दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत : पैसा कोणाचा होता, आणि ते कधी कळले. पुढे ते ज्याच्या हाती पडतील त्याला माझ्याइतका उशीर होऊ नये.