कोलफॅक्स येथील तीन लेखांचें परीक्षण

कागदापेक्षां दगड अधिक विश्वसनीय, असा समज आमच्या संशोधकवर्गांत रूढ आहे. कागदाची नक्कल होते, नकलेंत पाठ बिघडतो, मागाहून कोणी दोन ओळी घुसडतो. शिलालेख मात्र कोरला तसाच राहतो, असें आपण म्हणतों. पण तो जसाच्या तसा राहिला एवढ्यावरून तो खरा ठरत नाहीं. हा भेद स्पष्ट करण्यासाठीं आम्ही मुद्दाम परदेशांतील एक उदाहरण घेतों; कारण तेथील लेख अर्वाचीन असून त्यांस ताडून पाहण्याजोगे समकालीन कागद उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या लुइझियाना संस्थानांत रेड नदीच्या कांठीं कोलफॅक्स नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें १८७३ सालीं झालेल्या हत्याकांडाविषयीं निरनिराळ्या काळीं तीन लेख उभारले गेले. त्यांचें परीक्षण हा या निबंधाचा विषय होय.

प्रथम वृत्तांत देतों. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ त संपलें, गुलामगिरी नष्ट झाली, आणि १८७० च्या घटनादुरुस्तीनें कृष्णवर्णीय पुरुषांस मताचा हक्क मिळाला. हा पालट सहन न झालेल्या दक्षिणेंतील गोऱ्या लोकांनीं सशस्त्र गुप्त मंडळ्या काढल्या. कू क्लक्स क्लॅन ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध; लुइझियानांत 'नाइट्स ऑफ द व्हाइट कॅमेलिया' ही दुसरी. पुढें तेथील १८७२ ची गव्हर्नराची निवडणूक वादग्रस्त होऊन दोन्ही पक्ष अधिकारपदांवर हक्क सांगूं लागले. कोलफॅक्सच्या कचेरीचा ताबा रिपब्लिकन पक्षाच्या कृष्णवर्णीयांनीं घेतला व भोंवतीं खंदक खणले. १३ एप्रिल १८७३ रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, ख्रिस्तोफर कोलंबस नॅश याच्या हाताखालीं गोऱ्यांचा सशस्त्र जमाव लहान तोफ घेऊन चालून आला. त्यांनीं कचेरीस आग लावली. आंतील लोक शरण आले असतां कित्येकांस तेथेंच मारलें, आणि ज्यांस कैद केलें त्यांसही त्या रात्रीं गोळ्या घातल्या.

आतां लेखांकडे वळूं. पहिला लेख १९२१ चा. तो स्मशानभूमींतील संगमरवरी स्तंभावर आहे. कोलफॅक्सच्या दंगलींत गोऱ्यांच्या वर्चस्वासाठीं लढतांना पडलेल्या तीन वीरांचें हें स्मारक, असा त्याचा आशय असून तिघांचीं नांवें दिलीं आहेत. दुसरा लेख म्हणजे १९५० सालीं संस्थान सरकारच्या व्यापार व उद्योग खात्यानें लावलेला फलक. या जागीं दंगल होऊन ३ गोरे व १५० नीग्रो मारले गेले, आणि या घटनेनें दक्षिणेंतील 'कार्पेटबॅग' कुराज्याचा अंत झाला, असें त्यावर होतें. युद्धानंतर उत्तरेंतून आलेल्या माणसांस हिणविण्याचा हा शब्द. गालिच्याच्या कापडाची पिशवी घेऊन आलेला उपरा, असा त्याचा भाव. हा फलक २०२१ सालीं काढण्यांत आला. तिसरा लेख १३ एप्रिल २०२३ चा; तो काळ्या ग्रॅनाइटचा असून त्यावर मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांचीं नांवें आहेत. हल्लेखोरांपैकीं एकाचा वंशज व मृतांपैकीं एकाचा वंशज, अशा दोघांनीं मिळून त्यासाठीं खटपट केली.

पहिल्या लेखास आम्ही प्रशस्ति समजतों. प्रशस्तींतील स्तुतीचा भाग मीमांसकांच्या अर्थवादाप्रमाणें वजा करावयाचा असतो, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. येथें 'वीर' हा शब्द वजा केला म्हणजे बाकी उरतो तो हेतु. आणि तो मात्र ग्राह्य आहे. ज्यांनीं स्तंभ उभारला त्यांनींच आपल्या पक्षाचा हेतु वर्चस्वाचा होता असें कोरून ठेवलें. प्रतिपक्षानें केलेल्या आरोपापेक्षां अभिमानानें दिलेल्या या कबुलीची किंमत अधिक आहे. तिघांपैकीं एक जण आपल्याच लोकांच्या गोळीनें पडला असावा, अशी शंकाही अभ्यासकांनीं घेतली आहे.

दुसऱ्या लेखाची भाषा सौम्य, सरकारी. आणि म्हणूनच तो अधिक फसवा. त्यांतील विधानें एकेक तपासूं. 'दंगल' म्हणजे उभयपक्षीं मारामारी. परंतु त्याच लेखांतील ३ व १५० हे आंकडे त्या शब्दास खोटें पाडतात. शब्द एक बोलतो आणि संख्या दुसरें बोलते. अंतर्गत विरोध याहून उघड तो काय असावा? १५० ही संख्याही समकालीन आधाराशीं जुळत नाहीं. १८७५ सालीं काँग्रेसपुढें आलेल्या लष्करी अहवालांत ८१ मृतांचीं नांवें असून, नदींत टाकलेलीं व गुपचूप पुरलेलीं प्रेतें धरून निदान १०५ असा अंदाज आहे. २००८ सालीं ग्रंथ लिहिणारे चार्ल्स लेन हे ६२ ते ८१ असा आंकडा धरतात. विजेत्यांचे लेख शत्रूचे मृत वाढवून सांगतात, हा आपल्याकडील प्रशस्तींचाही अनुभव आहे.

कालगणनेंतही फलक चुकतो. त्यांत कुराज्य म्हणून ज्याची संभावना केली आहे तें केलॉग यांचें सरकार १८७३ त संपलें नाहीं; ते १८७७ च्या आरंभापर्यंत गव्हर्नर होते. १४ सप्टेंबर १८७४ रोजीं 'व्हाइट लीग'नें न्यू ऑर्लिन्समध्यें बंड करून सरकार उलथलें, तेंही संघराज्याच्या फौजेनें थोड्याच दिवसांत पुन्हां स्थापलें. त्या बंडाच्या स्मारकाचा इतिहास पोथ्या संपादणारांनीं अवश्य लक्षांत ठेवावा. स्तंभ १८९१ चा. पण १८७६ च्या निवडणुकीनें दक्षिणेंत गोऱ्यांचें वर्चस्व मान्य झालें, अशा आशयाच्या ओळी त्यावर १९३२ त कोरल्या गेल्या. म्हणजे दगडावरही प्रक्षेप होतो ! तें स्मारक २०१७ सालीं हलविण्यांत आलें.

मग १८७३ नें कशाचाच अंत झाला नाहीं काय ? झाला, पण तो फलकावर नाहीं. शंभराच्या आसपास लोकांवर आरोप ठेवण्यांत आले, पण दोषी ठरले ते तिघेच. आणि युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रुइकशँक या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १८७६ सालीं तेही सोडले. चौदावी घटनादुरुस्ती संस्थान सरकारांस बांधते, खाजगी माणसांस नाहीं, असा निर्णयाचा मथितार्थ. त्यामुळें अशा टोळ्यांस शिक्षा करण्याचें संघराज्याचें सामर्थ्य खुंटलें. अंत झाला तो संरक्षणाचा.

कागद त्या वेळींही मुके नव्हते. क्लॅनच्या अत्याचारांची काँग्रेसनें केलेली चौकशी १८७२ सालीं तेरा खंडांत छापली गेली. तींत पीडितांच्या जबान्या आहेत. कोलफॅक्सच्या कैद्यांपैकीं लेव्हाय नेल्सन हा जिवंत राहिला व त्यानें न्यायालयांत साक्ष दिली. असें असतां विसाव्या शतकाच्या आरंभीं कोलंबिया विद्यापीठांतील डनिंग व त्यांचे शिष्य यांनीं त्या काळाचा इतिहास मुख्यतः गोऱ्या पक्षाच्या दृष्टीनें लिहिला, आणि १९५० चा फलक त्याच मताचा अनुवाद करतो. ड्यू बॉइस यांनीं १९३५ च्या आपल्या ग्रंथांत या पक्षपाताचें सप्रमाण खंडन केलें होतें. तरी पंधरा वर्षांनंतर फलक लागलाच. दोष साधनांच्या अभावाचा नव्हता. कोणाची साक्ष साक्ष म्हणून धरावयाची, याविषयींच्या दुराग्रहाचा होता.

याच १८७३ सालीं जोतीराव फुले यांचें 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालें. गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस तें अर्पण केलेलें आहे, हें त्याची जुनी प्रत बाळगणाऱ्या संग्राहकांस ठाऊकच आहे. त्या मुक्तीवर तिकडे कसा घाला पडत होता, हें जाणून ती अर्पणपत्रिका वाचली म्हणजे तिचें मोल कमी न होतां वाढतें.

फलक काढला हें योग्यच झालें, असें आमचें मत आहे. परंतु तो मोडून टाकण्याच्या आम्ही विरुद्ध आहों. रस्त्यावर सरकारी मोहोर लावून उभा असतां तो असत्य शिकवितो. संग्रहालयांत तारीख व टीप लावून ठेवला असतां १९५० सालचें सरकार काय मानीत होतें याचा तोच उत्तम पुरावा होतो. बनावट सनदाही आपण जाळीत नाहीं. त्यांवर 'बनावट' असें लिहून त्या दप्तरांत ठेवतों.

तिसरा लेखही घटनेनंतर दीडशें वर्षांनीं कोरलेला आहे, तेव्हां केवळ दगड म्हणून त्याचें प्रामाण्य अधिक नाहीं. त्याचें बळ इतकेंच कीं, तो मृतांस नांवानें ओळखतो. ८१ नांवें १८७५ सालींच कागदावर उतरलीं होतीं. १९२१ च्या दगडास तिघांचींच नांवें आठवलीं, आणि १९५० च्या फलकानें मृतांची नुसती संख्या केली. कोणताही लेख हातीं आला म्हणजे तो कोणीं, केव्हां व कोणाच्या खर्चानें कोरला हें आपण विचारतोंच. त्याबरोबर त्यांतून कोणाचीं नांवें गाळलीं आहेत हेंही विचारीत जावें, एवढीच आमची संशोधकबंधूंस विनंति आहे.